ताडपत्रीत कोंडलेल्या एसीबाबत

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
कर्मचारी वसाहत कार्यालय.

विषय : एसीच्या बाहेरच्या युनिटवरील मोहोरबंद ताडपत्री दूर ठेवू देणे व आमची वीज न तोडणे याबाबत.

संदर्भ : पावसाळी दक्षतेची आपली सूचना, जिन्यातील फलकावर लावलेली.

महोदय,

मी तळमजल्यावरील कोपऱ्याच्या घरात राहते. माझी मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. खोली गार पडू देऊ नका, असे डॉक्टरांनी घरी सोडताना बजावले आहे. आमचा एसी गार आणि गरम दोन्ही हवा देतो. या पावसाळी गारठ्यात तिची सारी भिस्त त्याच्यावर आहे.

१. मागे शेजारच्या इमारतीत एका युनिटच्या स्विचमध्ये पाणी शिरून ठिणगी उडाली, म्हणून आपण सर्व युनिटे ताडपत्रीत बांधून गाठींवर मोहोर लावलीत. हेतूबद्दल वाद नाही. परंतु हे यंत्र उघड्यावर भिजण्यासाठीच बनवलेले असते. पावसाने त्याचे बिघडत नाही. हवा कोंडली की ते बंद पडते. काल दुपारपासून आमचे तसेच होत आहे.

२. त्यासाठी मी कार्यालयात आले असता आपले लिपिक म्हणाले, "अहो बाई, उघडं ठेवलं तर भिजेल ना!" भिजू दे, असे मी सांगितले. "मग बंदच ठेवा की. पाऊस सरला की सोडू." तोवर बाळाने काय करावे, असे मी विचारले. मोहोरेला हात लावल्यास वीज तोडू, असे उत्तर मिळाले.

३. खरा धोका वेगळाच आहे. गच्चीचे पाणी उतरवणारा पाइप ते थेट आमच्या युनिटवर आणि त्यालगतच्या स्विचच्या डब्यावर ओततो. डब्याला झाकण नाही. पाइप कार्यालयाचा, त्यामुळे आम्ही तो वळवायचा नाही. पाणी ओतणार कार्यालय, ताडपत्री घालणारही कार्यालय! सासूबाई म्हणतात, "यंत्राला रेनकोट झाला, आता नातीला नेऊन बाहेर उभी करा."

४. आज सकाळी गरम हवा पूर्णच थांबली. मुलीचे तळपाय हाताला गार लागले. तिला सासूबाईंच्या कुशीत दिले आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन मी बाहेर गेले. मोहोर फोडलेली नाही. दोरी गाठीला हात न लावता बाजूने कापली आहे. युनिट थोडे गुरगुरले आणि सुरू झाले. आत्ता माझे यजमान स्विचच्या डब्यावर छत्री धरून उभे आहेत. मी खिडकीशी बसून, एक डोळा त्यांच्यावर आणि एक पाळण्यावर ठेवून हे लिहीत आहे. त्यांना कामावर जायचे आहे, म्हणून घाई.

तरी पाइपचे तोंड आजच वळवावे, डब्याला झाकण बसवावे आणि युनिट खाली साचणाऱ्या पाण्याच्या वर राहील असा स्टँड द्यावा. नियम मी मोडला आहे. जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी, पण वीज तोडू नये. वायरमन पाठवणारच असाल, तर त्याच्याकडे पक्कड नको, झाकण द्यावे.

तिचे पाय आता कोमट लागत आहेत.

आपली नम्र आणि दाराकडे कान लावून बसलेली,
(सही)
तळमजला, कोपऱ्याचे घर

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) डॉक्टरांच्या सूचनेची प्रत
२) एसीच्या माहितीपुस्तिकेतील पान
३) ताडपत्री, घडी घातलेली, ओली, मोहोर शाबूत