चिठ्ठीवरची कोरी ओळ

नूरविक, १४ नोव्हेंबर

प्रिय हेर्दिसताई,

कशी आहेस म्हणून विचारत नाही. मी ठीक. इथे बर्फ पडला, गाडीची चाकं बदलून घेतली. तू पाठवलेलं तपकिरी चीज पोचलं. नवरा जाऊन तीन आठवडे होत नाहीत तोच तुला माझ्या खाण्याची काळजी, अगदी आईवर गेलीस. अजून कापलं नाही.

तू लिहिलंस की टूस्सा भावोजींच्या गमबुटांवर डोकं ठेवून झोपते, आणि आता घरात तिच्या भुंकण्याचाच काय तो आवाज. ते वाचल्यापासून हे पत्र टाळतेय. पण सोमवारी तुला हॉस्पिटलचं पत्र येईल. त्याआधी माझ्याकडून कळावं.

भावोजींच्या रक्तात काय होतं ते सापडलं. जंतू वाढतात का ते बघायला रक्त बाटलीत ठेवतो, त्यात पाचव्या दिवशी वाढलं. कुत्र्यांच्या तोंडात असणारा जंतू आहे, एरवी माणसाला सहसा काही करत नाही. पण भावोजींची प्लीहा त्या मोटारसायकलच्या अपघातात काढलेली. अशा माणसाच्या अंगात तो शिरला की रक्त आतल्या आत गोठत जातं, गोठवणारं सगळं संपून जातं, आणि मग सुईच्या भोकातूनसुद्धा थांबत नाही. बोटं काळी का पडली, असं तू विचारत होतीस. ती यामुळे.

म्हणजे टूस्सा. हो.

तुला चाव्याचं माहीत नाही. त्या मंगळवारी त्यांनी मला लॅबमध्ये फोन केला होता. टूस्साच्या तोंडातून माशाचा काटा काढताना अंगठ्याला दात लागला. "मेव्हणीबाई, ताईला सांगू नका. पुन्हा चावली तर गुरांच्या डॉक्टरकडे नेऊन कायमची झोपवीन म्हणालीय. कुत्रीला की मला, तेवढं विचारायचं राहिलं." मी हसले. म्हटलं, धुवा, पट्टी लावा, झालं. प्लीहेचं डोक्यातच आलं नाही. बावीस वर्षं हेच काम करतेय.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या नावाची नळी माझ्याच हातात आली. मशीनमध्ये लावली. रक्त गोठेचना. दुसरी नळी मागवली, तेच. सोबतच्या चिठ्ठीवर "प्राण्याचा चावा किंवा ओरखडा" अशी एक ओळ असते. ती कोरी होती. भावोजी तोवर बोलण्याच्या स्थितीत नव्हते, आणि तुला ठाऊक नव्हतं.

मला आठवलं, ताई. काटा, अंगठा, सगळं. फोन शेजारीच होता. सांगितलं असतं तर पट्टी लावा म्हणणारी मीच, हेही सांगावं लागलं असतं. मी पुढची नळी लावली. दुपारी, घरी निघताना, वर वॉर्डात फोन करून चाव्याचं सांगितलं. साडेचार तास गेले होते.

डॉक्टर म्हणतात, औषध आधीपासून बरोबरच चालू होतं, फरक पडला नसता. ते भले आहेत. मला रडू येत नाही. कामावर जाते, नळ्या लावते, घरी येते.

टूस्साला झोपवू नकोस. ती डोळ्यांसमोर नको वाटली तर मी शनिवारच्या बोटीने येते. दारात उभी राहीन, पट्टा माझ्या हातात दे. आत बोलावलं नाहीस तरी चालेल. तिला तरी काय कळत होतं?

"तुझी" लिहायला हात धजत नाही.

बोर्ग्नी