पात्याची पाणसळ

ता. ४ नोव्हेंबर १९४६, सोमवार
शेठचा ट्रॅक्टर आला एकदाचा. लष्कराच्या मोडीतला, लहानसा. उजव्या अंगाला गवत कापायचं पातं, पाच फूट लांब, दातेरी. गाडीवाट आमच्या दारापर्यंतच, म्हणून ठेवला आमच्याच खळ्यात. सौ.चं तोंड फुगलेलं. "कालच सारवलं, न् आज लोखंड आणून उभं केलंत." वैशाखऱ्याच्या माळावरचं सगळं गवत शेठनं या साली घेतलंय. पातं मी लावायचं, चालवायचंही मीच. देवळालीचं वर्कशॉप सुटल्यापासून चार महिने घरात बसून होतो. आता पुन्हा लोक मिस्त्री म्हणतील. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

ता. ५, मंगळ
दिवसभर पात्याशी झटापट. चाकांची हवा तपासली, बोल्ट मोकळे केले. वर्कशॉपमधली पितळी पाणसळ, सपाटी दाखवणारी, पात्यावर ठेवली. बाहेरचं टोक वर दिसत होतं, ते उतरवत उतरवत आणलं. बुडबुडा बरोबर मध्ये आला तेव्हाच बोल्ट आवळले.
बुधादादा बघायला आला होता. वरच्या ठाकरवाडीचा. माळाचं गवत वर्षानुवर्षं त्याचीच माणसं विळ्यानं कापतात. लहानपणी मला करवंदं आणून द्यायचा. बराच वेळ उकिडवा बसून बघत होता. मग म्हणाला, "जमिनीपासनं बोटं लावून बघ रे शिवा, दोन्ही टोकांना. आमी इळा तसाच धरतो." मी हसलो. पितळेपुढे बोटं काय.

ता. ७, गुरु
माळावर पहिला दिवस. वाडीची माणसं बांधावर ओळीनं बसलेली, विळे मांडीवर. कोणी शिवी देत नाही, कोणी हसत नाही. नुसतं बघतात. पाठीला सारखं जाणवत होतं.
दुपारी खण्‌ आवाज. दगड. दोन दाते गेले.
कापलेल्या पट्ट्यात एका अंगाला टक्कल, दुसऱ्या अंगाला वीतभर खुंट. बुधादादा म्हणाला, "तुझं यंतर एका अंगानं चरतंय. ह्या माळावर टिकायचं नाय ते." शेठ मागेच उभे होते. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं.

ता. ८, शुक्र
आज तीन दाते. सगळे बाहेरच्या टोकाचे. शेठनं दगड उचलून फिरवून फिरवून पाहिला. "हा इथला नाही. आणून ठेवलाय." दगडासारखा दगड, त्यावर काय गाव लिहिलेलं असतं? पण मी गप्प राहिलो. दगड आणून ठेवलेला नसेल तर दोष पात्याचा, म्हणजे माझा. आणि पातं तर मी पाणसळीनं लावलंय.

ता. ९, शनि
पोलीस पाटील घरी आले, सोबत शेठ. मी सांगायचं, पाटलांनी लिहून घ्यायचं. "पातं बरोबर लावलेलं होतं. दगड मुद्दाम पेरलेले दिसतात." दुसरं वाक्य शेठचं, पण "दिसतात" असं आहे म्हणून मी सही केली. चहा झाला. जाताना शेठ म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या सालीही तूच."

ता. १०, रवि
दगड पेरल्याच्या संशयावरून पोलिसांनी बुधादादाला मुरबाडला नेलं. आमच्या दारावरूनच गेले. हात बांधले नव्हते. माझ्याकडे बघून नेहमीसारखा म्हणाला, "भात झोडलंस का रे?" मी हो म्हणालो. अजून झोडलेलं नाही.

ता. १२, मंगळ
काय लिहू.
सकाळी नवे दाते बसवत होतो. हात धुतले, बादली खळ्यातच उलटी केली. पाणी सरळ ओढ्याच्या बाजूला धावलं, कुठे थांबलं नाही. सौ.ला विचारलं. शेण कालवता कालवता म्हणाली, "खळ्याला उतार ठेवतातच की. नायतर दवाचं पाणी साचून दाणा कुजल. तुमी पंधरा वर्षं शिमिटावर राहिलात, तुमाला कुठं ठावं."
ट्रॅक्टर उतारावर आडवा उभा. डावी चाकं खाली, उजवी वर. त्यावर मी पातं पाणसळीत आणलं, म्हणजे सपाट माळावर बाहेरचं टोक जमिनीत जाणारच. गेलंच. माळावर दगड कधी नव्हते? विळा त्यांच्यावरून जातो, माझं पातं त्यांच्यात घुसलं.
बोटं लावून पाहिली. आतल्या टोकाला चार, बाहेरच्या टोकाला एकसुद्धा धड बसेना.
लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते.

ता. १३, बुध
ट्रॅक्टर माळावर नेला. सपाट जागा बघून बोटांनीच लावलं, दोन्हीकडे चार-चार. कोणाला बोललो नाही. आधी काम नीट होऊ दे, मग शेठचं मन बघून सांगू, असं ठरवलं.

ता. १५, शुक्र
तीन दिवस झाले. अर्धा माळ कापून झाला, एक दाता गेला नाही. खुंट सारखे, वहीतल्या ओळीसारखे. बांधावर आता कोणीच बसत नाही.

ता. १६, शनि
शेठ आले. कापलेल्या माळावरून चालत गेले, खूश होऊन परत आले. म्हणाले, "बघितलंस? बुध्या आत गेला आणि दगड संपले. सोमवारी मुरबाडला मामलेदारसाहेबापुढे हेच सांगायचं. तोच माळ, तेच मशीन, तोच माणूस चालवणारा. आणखी काय पुरावा पाहिजे?"
तेव्हा सांगितलं. सगळं. खळं, उतार, पाणसळ, बोटं. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "खळ्याची गोष्ट साहेब मानेल, की सहीचा कागद?" मग, "आणि मिस्त्री, तू पातं गुपचूप का बदललंस, असं कोणी विचारलं तर?"
 

ता. १७, रवि
बुधादादाची बायको आली होती, जनी. दारात बसली. पाणी घेतलं नाही. "शिवा, तुला यंत्राचं कळतं. तू सांगितलंस तर साहेब ऐकंल, असं हे म्हणालं. मुरबाडला भेटले तवा म्हणालं. शिवा येईल, तो सांगंल."  ती उठून गेली.
सौ.नं धुतलेलं धोतर काढून ठेवलंय. सकाळी लवकर निघावं लागेल. शेठ गाडी पाठवतो म्हणालेत. मी चालत जाईन म्हणून कळवलंय. चालत गेलं की दोन तास मिळतात. तेवढ्यात साहेबापुढचं पहिलं वाक्य तरी जुळवायला हवं.