कोबीवरचा पहारा

३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझी नोकरी एका माशीच्या पायात अडकली आहे. तांदळाच्या दाण्याहून लहान अशी ही गांधीलमाशी कोबीवरच्या अळ्या शोधून त्यांच्या पोटात अंडी घालते, आणि मग दुसऱ्या पानावर जाते. कधी जायचं हे ती कसं ठरवते, ते मला गणितात बसवायचं आहे. माझी कॉम्प्युटरमधली माशी पहिल्याच पानावर ठिय्या देते आणि तिथेच मरते! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी महिन्याची मुदत दिली आहे. तुझ्या परसात कोबी आहे. खरी माशी एका पानावर किती वेळ थांबते, घड्याळ लावून बघशील? भावोजींना सांगू नकोस, हसतील.

लोभ आहेच, थोडा माशीवरही करावा.

तुझा,
ठोंब्या

९ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

सांगायचं कसलं, पत्र ह्यांनीच फोडलं. निवृत्तीनंतर पाच महिने माणूस खुर्चीतून हलला नव्हता. पत्र वाचून हसले नाहीत. भिंग कुठंय विचारलं. पस्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस, आता छत्री लावून वाफ्यात बसतो. काल मी भाजीला गड्डा कापायला गेले, तर काम चालू आहे म्हणून मला हाकललं. अळ्याही वेचायच्या नाहीत. कोबीची चाळण झाली आहे आणि मी बाजारातून कोबी आणते!

जेवणवेळा सांभाळ.

तुझी ताई

१७ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींच्या नोंदींची चाळीस पानं मिळाली. समासात लिहिलंय, की अळ्या संपल्या म्हणून ती जात नाही. आधीच अंडी घातलेली अळी लागोपाठ दोनदा समोर आली की जाते. मी नुसत्या उरलेल्या अळ्या मोजत बसलो होतो. हे घातलं आणि माझी माशी उडाली! मी इतका ओरडलो, की खिडक्या पुसणाऱ्याने विचारलं, पास झालात का?

पण नोंदी खऱ्या कशावरून, असं म्हणून बाई रविवारी स्वतः तपासायला येताहेत. भावोजींना जपून सांग.

तुम्हा दोघांच्या कृपेतला,
ठोंब्या

२६ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

जपून सांगितलं, तरी व्हायचं ते झालंच. आजवर ह्यांनी लोकांना तपासलं, ह्यांना कोण तपासणार? बाई आल्या तरी पाठ फिरवून बसले. त्या शेजारी मातीतच बसल्या. एकाच माशीचे ह्यांचे बेचाळीस सेकंद, त्यांचे चव्वेचाळीस. माशी उडाल्यावर घड्याळावर तुमचं बोट उशिरा पडतं, असं ह्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं! मी पदर तोंडाला लावला. बाईंनी पुन्हा तीनदा मोजलं आणि कबूल केलं. मग म्हणाल्या, आठवड्यातून दोन दिवस येऊन आमच्या मुलांना बघायला शिकवा.

हे स्वयंपाकघरात आले. मी गेलो तर तुला करमेल का, असं मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, निघा.

आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. फाटकातून परत फिरले. वाटलं, काही गोड बोलतील. तर तिसऱ्या रोपाकडे अकराला लक्ष ठेव म्हणाले.

मी काय रिकामी बसले आहे? वाफ्यातूनच लिहिते आहे, आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण थांब, आली बघ ती, घड्याळ