दोन निळे क्रॉस

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज मला तुमची भीती वाटते आहे. रेवदंड्याच्या आपल्या दुकानात तुम्ही जन्मभर देवांचे चांदीचे टाक घडवलेत. त्याच ऐरणीवर मी जर्मन राजांची मानचिन्हं घडवतो. हसू नका. जुन्या प्रशियाच्या राजाचा निळ्या मिन्याचा क्रॉस, चार कोपऱ्यांत चार गरुड, अशांच्या नकला हौशी लोक मागवतात. प्रत्येकीच्या कडीवर मी सगळ्यात शेवटी नकलेचा बारीक ‘न’ उठवतो, म्हणजे फसवाफसवी नको. गेल्या महिन्यात अलिबागला बंगला बांधून राहिलेले एक निवृत्त डॉक्टर अस्सल क्रॉस ठेवून गेले. “खरा कपाटात राहील, भिंतीवर नक्कल लावीन. पण हुबेहूब हवी हं!” मी ईर्षेला पेटलो. वजन गुंजेपर्यंत जुळवलं. जुन्यातल्या एका गरुडाच्या पंखाचा टवका उडाला होता, तोही तसाच उडवला. फरक राहिला तो एवढाच, की जुना काळवंडलेला होता.

गिऱ्हाईक झिजलेला टाक घेऊन यायचं, तुम्ही नवा घडवायचात, मग दोन्ही एकाच ताम्हनात चिंचेच्या कोळाने धुवायचात. नव्यावर खूण उठवायची ती त्यानंतर, आणि जुना खाडीत सोडायला परत द्यायचा. एकदा मी नवा टाक वेगळा धुतला, तर केवढे ओरडलात! “एकटा काय धुतोस रे त्याला? जुन्याचा हात लागल्याबिगर देव बसत न्हाय!” ते ओरडणं माझ्या हातांत मुरलंय, अण्णा. काल दुपारी दोन्ही क्रॉस ताम्हनात आहेत, मी चिंच चोळतो आहे, मनात काहीही नाही, आणि पाणी ओतून पाहतो तर दोन्ही सारखेच लखलखीत.  भिंग लावलं, काट्यावर तोलले, उन्हात नेऊन पाहिले, मोबाईलमधले फोटो मोठे केले. माझंच काम मला ओळखू येईना. खूण चुकीच्यावर बसली तर त्यांची शंभर वर्षांची वस्तू मी नासवली, आणि माझी नक्कल खरी म्हणून त्यांच्या कपाटात जाणार. “अहो, खूण न मारता सरळ सांगून टाका ना डॉक्टरांना,” ही म्हणाली. कुठल्या तोंडाने सांगू? उद्या ते येणार आहेत.  फोन वाजला की दचकतो.

हे पत्र कुठे टाकणार? खणात तुमच्या जुन्या चिमट्यांखाली ठेवून देईन. काय करू ते विचारायला बसलो आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. डॉक्टरांना फोनवर मी सांगून टाकलं, तयार आहे, या. खूण मी आज सकाळीच मारली, अण्णा. हाताला जो आधी लागला, त्याच्यावर.