दोरापलीकडचा टँकर

हेंशीर झितून, कासरीन
१५ जुलै २०२१

प्रिय लझहर,

सलाम. तू, हद्दावहिनी आणि तुमची छोटी रीम सुखरूप असाल, अशी दुआ करते. इकडे उन्हाने जैतुनाची झाडंसुद्धा मलूल झाली आहेत. उम्मीचे गुडघे नेहमीसारखेच कुरकुरतात. ईद तोंडावर आली, पण बाजारात मेंढ्यांना हात लावून भाव विचारणारंही कुणी नाही.

फोन असताना हिने पत्र का लिहावं, असं तुला वाटेल. कालपासून तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी "बाबा झोपलेत" म्हणाले. तुझा आवाज आला की माझी जीभ उचलत नाही. तुमच्या कंपनीचा मसऊद आज दुसरा टँकर घेऊन पुढच्या गावाला गेलाय. परतताना हे पत्र नेईल. त्याला बजावलंय, वाटेत देऊ नकोस, सरहद्दीपलीकडे तेबेस्साला पोचल्यावर घरी, हद्दासमोर दे.

आधी टँकरचं सांगते. तू आणलेल्या ऑक्सिजनने हॉस्पिटलची टाकी भरली. आमच्या वॉर्डातल्या सगळ्या खाटांना तो पुरतो आहे. शेजारच्या हम्माची सून नजवा, आठवा महिना लागलेली, आज उठून बसली आणि हरीसा घातलेलं काहीतरी झणझणीत खायला मागू लागली. डॉक्टर सिहेमबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "तुझ्या भावाला माझा सलाम कळव," म्हणाल्या.

परवा तू सरहद्दीच्या फाटकातून फोन केलास, तेव्हा मी बाबांच्या खाटेपाशीच होते. किती चिडला होतास! "मबरूका, औषधी माल देशाबाहेर न्यायची बंदी उठली, तो हुकूम म्हणे इथवर आलाच नाही! पलीकडे पेट्रोलवाले गाढवं हाकत खुशाल डोंगर चढतायत आणि मी शिक्क्यासाठी ताटकळतोय!" बाबांनी ते ऐकलं. मास्क बाजूला करून म्हणाले, "सांग त्याला, दोन देशांचा व्यापार करार मी माझ्या नरसाळ्यातून केव्हाच केलाय. साहेबांना हवं असेल तर नरसाळं उसनं देतो." जन्मभर रस्त्याच्या कडेला बसून तुमच्याकडचं चोरटं पेट्रोल विकलेला माणूस, दुसरं काय बोलणार! हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. मी मास्क परत चढवला. टाकीचा काटा तेव्हाच खाली गेला होता आणि आम्ही सगळ्यांचाच प्रवाह कमी केला होता. बाबांचाही, माझ्याच हाताने.

तुझी रात्र फाटकात गेली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल दुपारी तू आमच्या आवारात शिरलास. पांढऱ्या झग्यात तू मला ओळखूच आला नाहीस, चालीवरून ओळखलं. नियम तुलाही ठाऊक होता: ड्रायव्हरने टँकरभोवती बांधलेल्या दोराच्या आत राहायचं. बाहेर पाऊल टाकलं की चौदा दिवस विलगीकरण, आणि दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत टँकर जागेवर सीलबंद. हद्दाने केलेल्या खजुराच्या गोड रफीसचा डबा तू दोरापलीकडून सरकवलास आणि ओरडून विचारलंस, "बाबा कसे आहेत?"

मी म्हणाले, "बरे आहेत. झोपलेत."

लझहर, बाबा पहाटेच गेले होते.

तू ज्या भिंतीपाशी पाइप जोडत होतास, तिच्या पलीकडच्या खोलीत ते होते. मला माहीत होतं, एक शब्द बोलले असते तर तू दोर तोडून आत आला असतास. तुला कुणी अडवू शकलं नसतं आणि पाइप जमिनीवर पडून राहिला असता. वरच्या खिडकीतून नजवाचा नवरा तुझ्या हाताकडे बघत होता. मी टाकीचा चढणारा काटा बघत राहिले. तू पाइप सोडवलास, हात हलवलास आणि गेलास. संध्याकाळी नगरपालिकेच्या चार माणसांनी बाबांना पुरलं. ना आंघोळ, ना आपलं कुणी. थोरला मुलगा दहा पावलांवर येऊन गेला आणि बापाला मूठभर माती देऊ शकला नाही, ते माझ्यामुळे.

उम्मी माझ्या हातचं पाणीही घेत नाही. एवढंच म्हणाली, "तू नर्स आहेस हे मला माहीत होतं. मुलगी आहेस असं वाटायचं." मी चुकले असं मला वाटत नाही. तरीही हद्दाने पाठवलेला डबा कालपासून माझ्याने उघडवत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही घेऊनच मला जगायचंय.

आता शेवटचं. टाकी रविवारपर्यंत पुरेल. रविवारची फेरी तुझ्या नावावर आहे असं मसऊद म्हणाला. हे पत्र त्या फेरीनंतर द्यावं, असं क्षणभर माझ्या मनात आलं होतं. ते तुझ्यापासून लपवत नाही. पण एकदा तुझ्या वतीने मी ठरवलं, तेवढं पुरे. तू नाही म्हणालास तर मसऊद एकटा टँकर आणेल. त्यावरून तुला कुणी नावं ठेवणार नाही.

पण माणसांना फाटक अजून बंदच आहे रे. उघडलंय ते फक्त मालाला. बाबांच्या कबरीपाशी यायचं तर तुला ऑक्सिजनबरोबरच यावं लागेल. मसऊद सोबत यायला तयार आहे, टँकर तो परत नेईल. टाकी भरली की तू दोर ओलांड. डॉक्टर सिहेमबाईंशी मी बोलले आहे, चौदा दिवस तुला आपल्याच घरात ठेवतील. उम्मी तुझ्या खोलीच्या दाराशी बसून तुझ्याबरोबर जेवेल. मी हॉस्पिटलातच राहीन.

येशील तेव्हा माझ्याशी बोललंच पाहिजेस, असं नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझी बहीण
मबरूका