आजोबांचा काळा कोट

बोरी बुद्रुक, रविवार, १२ डिसेंबर १९९९

मुलगी बघायला जाताना दादाला नवा सूट हवा होता. मीच हट्ट धरला, की आजोबांचा बंद गळ्याचा काळा कोट आणि पांढरी विजार घाल, कमी खर्चात रुबाब येईल. "तू शिकलेली, तुला कळत असंल," म्हणाला. आळेफाट्याच्या शिंप्याने कोट सैल करून दिला, पण बाह्या आखूडच राहिल्या.

आज लोणी गावात मुलीच्या घरी पोहे खाताना तिच्या मामांनी विचारलं, "पावणं, कोट कुणाचा मागून आणला?" सगळे हसले. दादा बाह्या ओढत म्हणाला, "आजोबांचा हाय. मलाच लई आवडतो."

मी शेजारीच होते. मुलीला प्रश्न विचारायला मला, पदवीधर बहिणीला, मुद्दाम नेलं होतं. मी तिला शिक्षण विचारलं, आवडीनिवडी विचारल्या. हट्ट माझा होता, एवढं मात्र मला बोलता आलं नाही.