तेरानं भाग जात नाही

प्रिय धाकट्या,

बाबांना जाऊन दोन महिने झाले. तू आलास, सगळं पार पडेपर्यंत पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसलास आणि संध्याकाळीच परत गेलास. त्यानंतर या घरात माझ्याशिवाय कुणी खोकलंसुद्धा नाही. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून समोर मुलं नाहीत, तेव्हा अधूनमधून भिंतींनाच शिकवते. परवा बाबांचं कपाट आवरायला काढलं, तर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली तुझी निळी वही सापडली.

आठवतं ना? सुट्टीत बाबांनी विचारलं होतं, दहा लाखांच्या आतली सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती? एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही, अशी. मी सतराची, तू पंधराचा. मामांकडे राहून गणित शिकायची सोय एकाचीच होती, आणि बाबा बोलले नाहीत तरी ही परीक्षा कसली ते आपल्या दोघांनाही कळत होतं. मी दोन दिवसांत कंटाळले. तू अकरा दिवस मान मोडून भागाकार करत बसलास. ९,९९,९९७ ला ७५७ नं भाग जातो, हे त्या वयात शोधलंस! वरून एकेक संख्या बाद करत ९,९९,९८३ वर येऊन थांबलास. तपासायला हजाराच्या आतल्या मूळ संख्या पुरतात, त्या १६८. त्या सगळ्यांनी भागून पाहिलंस, एकीनंही भाग गेला नाही.

मी एका कागदावर घाईघाईनं भागाकार केला आणि बाबांसमोर ओरडले, "अरे, याला तर तेरानं भाग जातो!" ७६,९२१ वेळा, बाकी शून्य. बाबांनी तपासलंसुद्धा नाही. "अकरा दिवस घालवलेस, आणि साधा तेरा सुटला?" एवढंच म्हणाले. तू वही मिटलीस. मी मामांकडे गेले, तू कारखान्यात लेथवर लागलास.

माझा तो कागद तुझ्या वहीतच होता. अठ्ठाविसातून सव्वीस गेले की दोन उरतात. मी एक लिहिलाय. खरी बाकी दहा. तुझी संख्या मूळच होती रे. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या मी, ही एक सोडून.

आणि शेवटच्या पानावर, त्याच दिवसाची तारीख घालून, तुझ्या अक्षरात गुणाकार आहे: १३ × ७६,९२१ = ९,९९,९७३. दहा कमी. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. तू गप्प बसलास आणि मला जाऊ दिलंस. का, ते पत्रातून विचारणार नाही. धाकटा येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं तर मीच कधी तुझा उंबरा ओलांडला नाही. रविवारी दुपारच्या गाडीनं येते आहे. स्टेशनवर येऊ नकोस, पत्ता विचारत येईन. फक्त तुझी मुलं घरात असतील एवढं बघ. मला जे सांगायचं आहे, ते त्यांनीही ऐकायला हवं.

तुझीच,
ताई